आधी आपला डोळा

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना घाईत सुटलेलं एकदोन ठिकाणी भरलं आहे, बाकी जसंच्या तसं.)

चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच बाकांवर अवघडून बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी विषय दिला आहे, 'जगताना उपयोगी पडलेलं एक वाक्य'. माझ्याआधी कुणी गीतेतलं सांगितलं, कुणी तुकोबांचं, आणि एकानं ट्रकच्या मागे लिहिलेलं सांगितलं. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. मी बायबलमधलं सांगणार आहे. आपल्या वर्गात ख्रिस्ती घर आमचं एकच, तेव्हा ते माझ्याच वाट्याला येणार हे तुम्ही धरूनच चालला असाल. पण घाबरू नका, प्रवचन करणार नाही. शिवाय ही गोष्ट तुमच्या तोंडात रोज असते. कुसळ आणि मुसळ. एवढं म्हटलं की पुढचं सगळं तुम्हीच म्हणाल.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात हे येतं. मराठी बायबलमध्ये कुसळ आणि मुसळ असे अगदी हेच दोन शब्द आहेत. मूळ ग्रीकमध्ये मुसळाच्या जागी जो शब्द आहे तो घराच्या तुळईचा. बोलणारा सुताराच्या घरातला, तेव्हा त्याला तुळई सुचली. मराठी करणाऱ्यांनी तिथं मुसळ आणलं, यमक साधलं आणि ते आपल्या ओटीवरचंच होऊन गेलं. इंग्रजी बायबलमध्ये त्याला बीम म्हटलंय. दहावीत ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सायझिंगमधून टेम्पोत घालून आणलेला सुताचा बीमच उभा राहिला. भिवंडीच्या पोरीला दुसरा कुठला बीम ठाऊक असणार?

आणि हे शहाणपण एकट्या बायबलचं आहे असंही मी म्हणत नाही. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला भर दरबारात दुष्यंताला हेच ऐकवते. तिथं मोहरीचा दाणा आणि बेलफळ आहे. मुसलमान परंपरेत अबू हुरैरांच्या नावे असंच वचन सांगतात, त्यात भावाच्या डोळ्यातला कण आहे आणि स्वतःच्या डोळ्यातला ओंडका. म्हणजे या सभागृहात बसलेल्या कुणालाच 'हे आमच्यात नाही' असं म्हणून सुटता येणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण हे वाक्य वापरतो कशासाठी? कुणी आपली चूक दाखवली की त्याचं तोंड बंद करायला. 'तू आधी तुझं मुसळ बघ.' झालं, विषय संपला. त्याचंही मुसळ तिथंच, आपलंही तिथंच. पण मूळ वचन तिथं संपत नाही. त्यात पुढे आणखी एक पायरी आहे, आणि म्हणीत ती गळून गेली. आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे भावाचं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असा त्याचा आशय आहे. म्हणजे कुसळ काढायचंच आहे! भावाच्या डोळ्यात ते तसंच राहू दे, तुला काय करायचंय, असं तिथं कुठंही म्हटलेलं नाही. फक्त क्रम लावून दिलाय. आणि जो क्रम उलटा करतो त्याला तिथं 'ढोंगी' म्हटलंय. ग्रीकमध्ये हा शब्द मुळात नाटकातल्या नटासाठी वापरत. डॉक्टरचं सोंग घेतलेला नट. मला हा अर्थ कळला तेव्हा हसू आलं होतं, कारण मी रोज डोळ्यांच्या विभागातच बसते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, तीस वर्षं मी ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यांतून नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून काम करते आहे. नंबर काढणं, मोतीबिंदूचे पेशंट शोधणं, शिबिरं. आणि कुसळं काढणं. हो, खरोखरची. भाताची झोडणी सुरू झाली की येतातच. आपल्याकडे भिवंडीच्या आसपासच्या गावांत अजून भात होतं. शिवाय कारखान्यातलं तंतू-कचऱ्याचं, ग्राइंडरवर काम करणाऱ्यांच्या डोळ्यातले लोखंडाचे कण. खोल रुतलेलं असेल तर डॉक्टरसाहेब बघतात, वरवरचं असलं तर माझ्याकडे.

आता हे काम कसं होतं ते सांगते, कारण त्या वचनाचं सगळं मर्म मला त्या स्टुलावर बसून कळलं. डोळ्यात काही गेलेला माणूस येतो तो चोळून चोळून डोळा लाल करून. त्याआधी घरातल्या कुणीतरी पदराच्या टोकानं प्रयत्न केलेला असतो. प्रेमानंच, पण दिसत नसताना. बहुतेक इजा कुसळानं होत नाही, या प्रयत्नांनी होते. आम्ही आधी हात धुतो. मग प्रकाश नीट लावतो. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकतो आणि थोडं थांबतो. पेशंटची हनुवटी टेकवतो, आपलं कोपर टेकवतो, हात थरथरता कामा नये. पुष्कळदा कुसळ बुबुळावर नसतंच, वरच्या पापणीच्या आत चिकटलेलं असतं. पापणी उलटून बघितल्याशिवाय सापडत नाही. आणि हे सगळं करताना माझा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो. लांबून कुणाचं कुसळ निघत नाही. ओरडून तर नाहीच.

आणि ते तसंच ठेवूनही चालत नाही बरं का. गवताचं, भाताचं कुसळ बुबुळाला लागलं आणि दुर्लक्ष केलं, तर बुरशी धरते. डोळा जाऊ शकतो. म्हणून 'मी कोण सांगणार, ज्याचं त्यानं बघावं' हे सभ्यपणाचं वाटलं तरी कधीकधी ते नुसतं पळून जाणं असतं. पंचेचाळिशीला मला जवळचं दिसेना, तेव्हा मी सगळ्यात आधी कुणाचा नंबर काढून घेतला? माझा. त्याशिवाय पेशंटला हात लावायचा मला अधिकारच नव्हता. तुम्ही हसताय, पण चाळिशी आपल्या सगळ्या तुकडीला लागली आहे. मघाशी मेन्यू वाचताना हात किती लांब जात होते ते मी बघितलंय.

आमच्या घरी या वचनाचा एक वेगळाच उपयोग होता. वडील नगरकडचे, नोकरीनिमित्त भिवंडीत आलेले. रविवारी एस.टी.नं कल्याणला उपासनेला जायचं आणि रोज रात्री जेवणाआधी घरीच बायबल वाचायचं. त्यात पौलाचं इफिसकरांस पत्र आलं की मजा यायची. मुलांनी आईबापांचं ऐकावं, ही ओळ वडिलांना तोंडपाठ. बापांनी मुलांना चिडीला आणू नये, ही पुढची ओळ माझ्या भावाला तोंडपाठ. पत्नींनी कसं वागावं ते वडील ठासून वाचायचे आणि पतींनी कसं वागावं ते आई त्याहून ठासून. प्रत्येकाला दुसऱ्याची ओळ पाठ! एके दिवशी वडिलांनी नियम केला : ज्याची ओळ त्यानंच वाचायची, आणि वाचून झाल्यावर एकच वाक्य बोलायचं, 'मी' या शब्दानं सुरू होणारं. दुसऱ्याच्या ओळीवर बोलायला बंदी. पहिले काही दिवस घरात इतकी शांतता होती की शेजारच्या काकू विचारायला आल्या, कुणी आजारी आहे का म्हणून.

हा नियम मी पुढे पुष्कळ ठिकाणी वापरून पाहिला, मीटिंगमध्येसुद्धा. फार थोड्यांना झेपतो.

मोठ्या माणसांनाही तो सोपा गेलेला नाही, म्हणून पंडिता रमाबाईंबद्दल थोडं बोलते. आपण त्यांना शाळेत 'समाजसुधारक' या एका शब्दात उरकलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांसाठी झटणारी, अमेरिका गाजवून आलेली बाई. साऱ्या देशाची कुसळं दाखवायचा अधिकार कुणाला असेल तर तिला. आणि अशा वेळी त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र आलं. हे हॅस्लम कॉर्नवॉलमधले. १८५१ साली एका रविवारी ते नेहमीसारखं प्रवचन करायला उभे राहिले. विषय असा की परूश्यांना ख्रिस्त समोर असूनही कळला नाही. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की परूश्यांचं जे वर्णन आपण करतोय ते आपलंच आहे. प्रवचन देणाऱ्याचं स्वतःच्याच प्रवचनानं परिवर्तन झालं, तेही भर उपासनेत, सगळ्यांदेखत. रमाबाईंनी ते वाचलं आणि स्वतःकडे पाहिलं. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटला नव्हता.

तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, या कबुलीची किंमत लक्षात घ्या. स्वधर्मीय त्यांच्यावर धर्म सोडल्याबद्दल तुटून पडले होते. अशा वेळी 'मी घेतलेला निर्णय पुरता होता' असंच कुणीही म्हणेल. त्या म्हणाल्या, माझ्यातच उणं होतं. पुढे केडगावच्या मुक्तीमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलींना सांभाळत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. खेड्यातल्या बाईला कळलं पाहिजे, हा हट्ट. खिळे जुळवायला, छापायला तिथल्याच मुली आणि बायका. १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर काम हातावेगळं झालं होतं. दुसऱ्याला वाचायला देण्याआधी एकेक शब्द आपण स्वतः झिजून वाचायचा, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला तरी मराठीत दिसत नाही.

आता मी जे सांगणार आहे त्याला बाई पहिल्या रांगेतून मान हलवून नको म्हणताहेत. बाई, माफ करा, सांगणारच.

मे १९८४. ते दिवस कुणाला आठवून द्यायला नकोत. आपण नववी संपवून सुट्टीत होतो आणि गाव जळत होतं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गात सगळे आले नव्हते. जे आले ते वेगवेगळे बसले. तीन वर्षं एका बाकावर बसलेली पोरं दोन टोकांना. आणि प्रत्येकाकडे गोष्टी होत्या, 'त्यांनी' काय केलं त्याच्या. काही ऐकलेल्या, काही पाहिलेल्या, सगळ्या 'त्यांच्या'.

मराठीच्या पहिल्या तासाला बाई आल्या. पुस्तक उघडलं नाही. म्हणाल्या, निबंध लिहायचाय. विषय : आमच्या आळीनं काय केलं. ऐकलेलं लिहायचं नाही, पाहिलेलंच. आणि दुसऱ्या आळीचं एक अक्षर लिहायचं नाही. वर्गात कुणी हललं नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, 'थांबा, मी आधी लिहिते.' टेबलाशी बसून त्यांनी एक पान लिहिलं आणि उभं राहून वाचून दाखवलं. त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर पाव विकणाऱ्याची हातगाडी जाळली, तेव्हा त्यांच्याच इमारतीतली माणसं खिडक्यांतून बघत उभी होती. रोज नमस्कार-चमत्कार असलेली माणसं. कुणी खाली उतरलं नाही. शेवटची ओळ होती, मीही उतरले नाही. एवढं वाचून बाई खाली बसल्या.

मग आपण लिहिलं. सगळ्यांनी नाही, काही वह्या कोऱ्या होत्या. गच्चीवर दगड कोण साठवत होतं ते एकानं लिहिलं होतं, हे त्यानंच मला पुढे वीस वर्षांनी सांगितलं. एकीनं लिहिलं की तिच्या आईनं मागच्या दारानं शेजारी भाकऱ्या पाठवल्या आणि ते चाळीत कळल्यावर आईला काय काय ऐकावं लागलं. बाईंनी एकही निबंध मोठ्यानं वाचला नाही, कुणाच्या वहीवर लाल शाई लावली नाही. शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा तशाच. बाईंच्या बाबतीत ही केवढी मोठी गोष्ट, ते तुम्हाला माहीत आहे! दिवाळीपर्यंत ती दोन टोकं पुन्हा एका बाकावर आली होती.

बाई कपाळभर कुंकू लावणाऱ्या, चातुर्मास पाळणाऱ्या. पण मत्तयाचा सातवा अध्याय मी प्रत्यक्ष घडताना पाहिला तो त्या तासाला. आधी स्वतःचं पान, तेही सगळ्यांसमोर. मग आमचं. आणि आमच्या डोळ्यांना हात लावला तो इतक्या हलक्या हातानं की दुखलं नाही.

पुढे १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्हीकडची माणसं आणि पोलीस, दंगल नसताना, साध्या दिवशी एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. १९७० आणि १९८४ चं गाव म्हणून सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष आपल्याकडे होतं, आणि भिवंडी शांत राहिली. त्याची कारणं मोजायला बसलं तर पुष्कळ निघतील, खोपड्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलंय. मला त्यातलं एक फार वाटतं : त्या बैठकांत आपल्या पोरांची जबाबदारी आपण घ्यायची, हे ज्याला त्याला आपल्या माणसांसमोर बोलावं लागलं. आपल्या वर्गातले तिघे त्या समित्यांत होते. त्यांना विचारा, भाषण करणं सोपं होतं की हे.

आता आपल्या ग्रुपबद्दल बोलते, आणि बसते.

गेल्या वर्षी एका रात्री व्हॉट्सअॅपवर जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. कुणीतरी आलेलं पुढे ढकललं, कुणीतरी उत्तर दिलं, आणि रात्री साडेअकराच्या आत दोघं ग्रुप सोडून गेले. दोन वेगळ्या बाजूंचे दोघं. आज दोघंही आलेले नाहीत. तेव्हापासून ग्रुपवर चर्चा एकच, चूक कुणाची. 'तू समजूतदार आहेस, तू त्याला समजाव' असे मला दोन्हीकडून फोन आले. त्याला म्हणजे दुसऱ्याला. मी कुणालाच हो म्हटलेलं नाही.

मी पुढच्या रविवारी दोघांकडे जाणार आहे. सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे. निरोप्याचं काम करणार नाही, याचं त्याला सांगणार नाही आणि त्याचं याला नाही. निघण्याआधी त्या रात्रीचे माझे स्वतःचे मेसेज पुन्हा वाचून जाणार. तीन आहेत, आणि ते मी दोघांनाही आधी वाचून दाखवणार. मग त्यांना बाईंचाच विषय देणार : त्या रात्री तू काय लिहिलंस तेवढंच सांग. दुसऱ्यानं काय लिहिलं ते नको. बोलला तर बोलला, नाहीतर चहा पिऊन येईन. मघाशी चहाच्या वेळी तिघाचौघांनी 'आम्हीपण येतो' म्हटलं. नको. मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात भावाकडे आधी एकट्यानं जा असं सांगितलंय, आणि दवाखान्याचा माझा अनुभवही तोच आहे. चार जणांनी मिळून एकाच्या डोळ्यावर बॅटरी धरली तर तो डोळा मिटूनच घेतो.

बाई, तुमच्याकडे एक मागणं आहे. शनिवारी संध्याकाळी तुम्ही दोघांना एकेक फोन करा. मी येते आहे एवढंच सांगा. माझा नंबर बघून ते उचलतील की नाही सांगता येत नाही, तुमचा उचलतील.